दम घे आणि पुन्हा सुरू कर

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'चा पहिला भाग होता. शिकवणारे सर भला माणूस. दुसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात लंडनमधल्या ईस्टचीपच्या गुत्त्यात राजपुत्र हॅल आणि जाडजूड म्हातारा फॉल्स्टाफ यांची जुंपते, तिथे ते आले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "या दहा-बारा ओळी तुम्ही घरी वाचा. परीक्षेला येत नाहीत." परीक्षेला न येणारं त्या वर्षी आम्ही काहीही वाचलं नाही. या ओळी मात्र वर्गातल्या एकूण एकाने वाचल्या.

पुस्तकाच्या तळाला बारीक अक्षरांत टीपा होत्या. त्यातली एक अजून आठवते: बैलाचा एक अवयव, वाळवून चाबकासारखा वापरत. कोणता अवयव, हे सांगायची संपादकाची हिंमत झाली नव्हती. होस्टेलवर त्यावर बरंच संशोधन झालं.

प्रसंग असा. फॉल्स्टाफ रात्रीच्या लुटीबद्दल थापा मारतोय आणि हॅल त्याला पकडतो. लालबुंद तोंडाचा भित्रा, बिछाना चेपणारा, घोड्यांच्या पाठी मोडणारा, मांसाचा डोंगर, असं म्हणतो. त्यावर फॉल्स्टाफ सुटतो. हॅल हडकुळा, म्हणून सगळा मारा त्या हाडांवर. माझ्या मराठीत साधारण असा येईल: "अरे उपाशा, ईलमाशाच्या सालपटा, वाळवलेल्या बैलजिभे, बैलाच्या वाळक्या सोट्या, सुक्या माशा! अरे, तू कशाकशासारखा दिसतोस ते सांगायला दम पुरायला हवा! शिंप्याच्या गजा, रिकाम्या म्याना, धनुष्याच्या खोळी, उभ्या रोवलेल्या भिकार तलवारी!"

आणि हॅल काय म्हणतो? चिडत नाही. तो म्हणतो, दम घे जरा, आणि पुन्हा सुरू कर. असल्या हलक्या उपमा देऊन दमलास की मग माझं एवढंच ऐक.

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा फक्त सोटा कळला होता.

पुढे कधीतरी, नोकरीला लागल्यावर, हा उतारा मराठीत आणून बघू म्हणून वही घेऊन बसलो आणि लक्षात आलं की फॉल्स्टाफ उपमा शोधायला कुठे लांब जातच नाही. त्याचे सगळे शब्द लंडनच्या बाजारातून उचललेले आहेत. कसायाच्या दुकानातली जीभ, शिंप्याच्या टेबलावरचा गज, शस्त्रं विकणाऱ्याच्या भिंतीवरची म्यानं आणि खोळी. (गजाला तिथे जो शब्द आहे त्याचा तेव्हा आणखी एक अर्थ होता. सोट्यापासून तो फार लांबचा नाही, एवढंच सांगतो.) ईलमाशाचं सालपट तर वादातच आहे. जुन्या छापील प्रतींत अक्षरं अशी पडलीत की काही विद्वान तिथे ईलमासा वाचतात आणि काही परीकथेतला बुटका. मी ईलच्या बाजूने. एवढ्या बाजारहाटीत परीला कोण विचारतो!

फॉल्स्टाफच्या शिव्यांतला तो सुका मासा मुळात 'स्टॉकफिश', म्हणजे नॉर्वे, आइसलँडकडून येणारा वाळवलेला कॉड. वाऱ्यावर वाळून लाकडासारखा टणक व्हायचा. शिजवण्याआधी हातोड्याने कुटायला लागायचा. म्हणून तर 'टेम्पेस्ट'मध्ये एक दारुडा दुसऱ्याला धमकी देतो की तुझा स्टॉकफिश करीन. हा शब्द मराठीत आणताना मला क्षणभरही अडलं नाही. सुका बोंबील! कोकणात, मुंबईत हडकुळ्या पोराला आपण दुसरं काय म्हणतो? घाटावर पाप्याचं पितर म्हणतील, काडी पहिलवान म्हणतील. समुद्राकाठी मात्र बोंबील. दोन समुद्र, दोन मासे, वाळवण तेवढं सारखं. शिंप्याच्या गजासाठी मात्र मी तीन दिवस घालवले आणि शेवटी तो तसाच ठेवला.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. ती मला सुका बांगडा म्हणायची. "ये रे सुक्या बांगड्या, जेवूक ये." ही हाक पाणंदीतून ऐकू आली की पोटात भूक उभी राहायची. मेल्या, मुडद्या, रांडेच्या हे सगळे शब्द तिच्या तोंडात दिवसभर असत. त्यांतले निम्मे मायेचे. कोणता मायेचा आणि कोणता रागाचा हे शब्दावरून नाही, तिच्या हातातल्या पळीवरून ओळखायचं.

म्हणून 'व्होरसन' या शब्दाशी इंग्रजी वाचक अडखळतात तसा मी अडखळलो नाही. शब्दाचा अर्थ सरळ आहे: रांडेचा. त्या काळच्या नाटकांत तो पावलोपावली येतो, आणि कित्येकदा लाडाने येतो. 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात डॉल टेअरशीट नावाची बाई आहे. गुत्त्यात गिऱ्हाईक करणारी. ती फॉल्स्टाफच्या मांडीवर बसून त्याला म्हणते, रांडेच्या, माझ्या बार्थोलोम्यूच्या जत्रेतल्या गोंडस डुकरा, दिवसाच्या मारामाऱ्या आणि रात्रीची भोसकाभोसकी कधी सोडणार आहेस, आणि या म्हाताऱ्या देहाला स्वर्गासाठी ठिगळं लावायला कधी घेणार आहेस? फॉल्स्टाफ म्हणतो, गप गं डॉल, मढ्याच्या कवटीसारखं बोलू नको, मला माझ्या शेवटाची आठवण देऊ नको. साऱ्या नाटकात त्याच्यावर एवढा जीव लावून कोणी बोलत नाही, आणि त्या बोलण्याची सुरुवात रांडेच्याने होते.

आता या सगळ्यात सरकार काय करत होतं ते बघा. १६०६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाटकवाल्यांच्या तोंडाला आवर घालणारा कायदा केला. रंगमंचावर देवाचं, येशूचं, पवित्र आत्म्याचं किंवा त्रयीचं नाव थट्टेने घेतलं तर दहा पौंड दंड. दहा पौंड म्हणजे २४०० पेन्स, आणि खुल्या नाट्यगृहात मैदानात उभं राहून नाटक बघायला एक पेनी पडायची. चोवीसशे उभ्या प्रेक्षकांचे पैसे एका उद्गारात गेले. त्यातला अर्धा दंड राजाला आणि अर्धा खटला भरणाऱ्याला. म्हणजे गर्दीत कान टवकारून उभं राहण्याचाही धंदा करायची सोय.

झालं काय, की 'झाउंड्स' (देवाच्या जखमांची शपथ) आणि 'स्ब्लड' (देवाच्या रक्ताची) हे शब्द घाबरले. 'ऑथेल्लो'च्या १६२२ च्या प्रतीत ते आहेत. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात, तेच नाटक, तीच माणसं, आणि शपथा गायब. फॉल्स्टाफच्या तोंडच्याही गेल्या. पण बैलाचा सोटा? तो जागच्या जागी. कायद्यात त्याचं नाव कुठे होतं!

मला या कायद्याची गंमत वाटते आणि थोडा आदरही वाटतो. त्यांच्या दृष्टीने घाण बोलणं हा गुन्हा नव्हताच. फुकट शपथ घेणं हा गुन्हा होता, कारण शपथ ही वरपर्यंत पोहोचते. आपल्याकडे 'आईशप्पथ' म्हणताना गळ्याला हात लावणारी पोरं त्या पार्लमेंटला चटकन कळली असती.

शपथांनाही वर्ग होता. पहिल्या भागात हॉटस्पर नावाचा तडतड्या सरदार आहे. त्याची बायको केट कसलीशी मिळमिळीत शपथ घेते. तो म्हणतो, अगं, तू मिठाईवाल्याच्या बायकोसारखी शपथ घेतेस! तू उमरावाची बायको, तोंड भरेल अशी चांगली शपथ घे. 'खरंच गं बाई' छापाचं बोलणं रविवारच्या नव्या कपड्यांतल्या शहरवासीयांना सोड. त्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन याच्या 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर'मध्ये (१५९८; नटांच्या यादीत शेक्सपिअरचं नाव आहे) याच्या उलट मामला. बोबाडिल नावाचा फुशारक्या कॅप्टन फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, पायाची शपथ घेतो आणि गावाकडून आलेला एक मठ्ठ पोरगा ते ऐकून हरखून जातो. काय सुंदर शपथ घेतो हा! मग तोही ती घेऊन बघतो. शहरात नव्याने आलेल्या मुलाने पहिल्यांदा इकडची शिवी तोंडात घोळवून बघावी, तसं. मीही पुण्यात आल्यावर हे केलं आहे. जमलं नाही, लोक हसले.

पुढे १६३४ साली प्रकरण खुद्द राजापर्यंत गेलं. नाटकं तपासणारा अधिकारी हेन्री हर्बर्ट याने एका नव्या नाटकातले 'फेथ', 'डेथ', 'स्लाइट' असले शब्द खोडले होते. पहिला चार्ल्स स्वतः हस्तलिखित घेऊन बसला आणि म्हणाला, या शपथा नव्हेत, नुसतं ठासून सांगणं आहे. हर्बर्टने दफ्तरात लिहून ठेवलं की धन्याचा निर्णय मला शिरसावंद्य आहे, पण मला विचाराल तर या शपथाच आहेत. असा कारकून भेटला की मला फार बरं वाटतं.

घाण बिनधास्त चालायची म्हणालो, त्याचा पुरावा हवा तर जॉन्सनचं 'द अल्केमिस्ट' उघडा. १६१० चं नाटक. लंडनमध्ये प्लेगची साथ, घरमालक जीव घेऊन गावाला पळालाय, आणि मागे राहिलेल्या नोकराने रिकाम्या घरात एका भामट्याला आणि एका बाईला घेऊन किमयागिरीचं दुकान थाटलंय. पडदा नाही, प्रस्तावना संपते आणि दोघे भांडत आत येतात. एक म्हणतो, मी करीन, खात्री ठेव. दुसरा म्हणतो, कर काय करायचं ते. पादतो मी तुझ्यावर.

इंग्रजीतल्या सर्वांत रेखीव बांधणीच्या नाटकांपैकी एक मानलं जाणारं हे नाटक इथून सुरू होतं. त्या भांडणात जॉन्सन काय करतो बघा. नोकर फेस भामट्या सटलला आठवण करून देतो: तू मला लंडनच्या 'पाय कॉर्नर' नाक्यावर भेटलास तेव्हा खानावळींच्या टपऱ्यांपुढे उभा राहून वाफ खात होतास. जेवण म्हणून वाफ! बद्धकोष्ठाने बेजार, उपासमारीचा बाप असल्यासारखा फिरत होतास. तोंडावर काळ्या पुटकुळ्या, तोफखान्याच्या मैदानात दारूचे कण उडून बसावेत तशा. त्यावर सटल म्हणतो, आणि तू? वर्षाला तीन पौंडांचा गणवेशवाला नोकर. झाडू, धूळ आणि झाऱ्यांमधून उचलून वर आणला तुला मी. एरवी नाटककार ही माहिती दोन नोकरांच्या गप्पांतून सांगतात, धूळ झटकता झटकता. जॉन्सनला माहीत होतं की माणूस स्वतःबद्दल खरं सांगत नाही, पण भागीदाराबद्दल भांडणात सगळं सांगतो. तपशिलासकट.

शिव्या देणाऱ्याला इतकं माहीत असतं, कारण तो जवळचा असतो. अनोळख्याला आपण एक शब्द फेकतो आणि पुढे जातो. ट्रॅफिकमध्ये काच खाली करून दिलेली शिवी कशी सपक असते! वाफ खात होतास, हे म्हणायला आधी त्याच टपरीसमोर दोघांनी उभं राहायला लागतं.

याच्याही मागे जा. १५७५ साली छापलेलं 'गॅमर गर्टन्स नीडल' हे प्रहसन, केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात झालेलं. विषय काय, तर म्हातारीची सुई हरवते. एक उडाणटप्पू वेडगळ माणूस दोन शेजारणींमध्ये लावालावी करतो आणि त्या जुंपतात. इंग्रजीत त्या शिव्या यमकात येतात, जोडीजोडीने, टाळ वाजवल्यासारख्या. अर्थ बघायला गेलं तर गलिच्छ, कानाने ऐकलं तर पोरांचं बडबडगीत. शेवटी सुई सापडते ती गड्याच्या ढुंगणात, त्याच्याच शिवलेल्या चड्डीत राहिलेली. कॉलेजच्या पोरांनी हे पोट धरधरून बघितलं असणार. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, तो बोरीचा बार ज्यांनी ऐकलाय त्यांना हे नाटक मला समजावून सांगायला लागणार नाही.

पण माझं लाडकं पात्र अर्सुला. जॉन्सनच्याच 'बार्थोलोम्यू फेअर'मधली, भाजलेलं डुक्कर विकणारी. हे नाटक ३१ ऑक्टोबर १६१४ ला होप नाट्यगृहात पहिल्यांदा झालं. त्या जागेत एरवी अस्वलांवर कुत्री सोडायचा खेळ चाले, आणि जॉन्सनने नाटकाच्या सुरुवातीलाच ही जागा जत्रा भरते त्या स्मिथफील्डइतकीच घाण आणि तितकीच वास मारणारी आहे, हे कुणाकडून तरी वदवून घेतलंय. दुसऱ्या दिवशी तेच नाटक राजासमोर झालं. तिथे वास कसा होता कोण जाणे.

ऑगस्टचा उकाडा, भट्टी पेटलेली, आणि अर्सुला आत येते ती वितळत. मी नुसती आग आणि चरबी झाल्येय, म्हणते. अशीच वितळत गेले तर पहिल्या बाईसारखी बरगडीच उरेन. मी चालते तिथे घाम गळतो, बागेतल्या झाऱ्यासारखा. मी जमिनीवर नागमोडी रेघा काढत जाते, त्यांच्या मागून या, सापडेन.

हे ती स्वतःबद्दल म्हणते. कुणी हिणवायच्या आधी. मग क्वार्लस नावाचा एक शहाणा येतो आणि तिच्या जाडीवर तुटून पडतो. ही रागाची देवी कसली, ही चरबीची चालती डुकरीण आहे. स्मिथफील्डच्या गाडीवाल्यांनी चाकांच्या आसांना लावायला हिची चरबी न्यावी. हिच्यात जो शिरेल तो लोण्याच्या एका अख्ख्या परगण्यात बुडेल, आठवडाभर मित्रांना सापडायचा नाही. प्रेक्षक हसले असतील. मीही हसलो. आणि मग अर्सुला उत्तर देते. तुम्हाला काय, तुम्हाला कुत्र्याच्या पट्ट्यात मावेल असला बारीक चिमटलेला माल लागतो. उभ्या केलेल्या काँगर माशासारखा दिसणारा, वर हिरवं पीस, माशाच्या जबड्यात बडीशेपेचा तुरा खोचावा तसं.

तो वंगणाकडे गेला होता, ती माशाच्या ताटाकडे आली. स्वतःच्या धंद्याच्या जवळ. आणि तेवढ्यावर न थांबता ती उकळतं भांडं आणायला आत पळते, येताना पडते आणि स्वतःचाच पाय भाजून घेते. जॉन्सन कुणालाच धड जिंकू देत नाही.

एक गोष्ट विसरू नये. अर्सुला, डॉल, त्या दोन शेजारणी, सगळ्या पुरुषांनी किंवा पोरांनी केल्या. लंडनच्या व्यावसायिक मंचावर तेव्हा बायका नव्हत्या. आपल्या जुन्या कंपन्यांतल्या स्त्री पार्टी करणाऱ्यांसारखंच. या बायकांची भाषा लिहिणारे पुरुष, बोलणारे पुरुष. खऱ्या बायकांची भाषा वेगळीकडे नोंदली गेली: चर्चच्या कोर्टात. लंडनच्या शेजारणी एकमेकींवर अब्रुनुकसानीचे दावे लावत, बहुतेक एकाच शब्दावरून, व्होर. साक्षीदार येऊन नेमके शब्द सांगत, कारकून ते उतरवून घेई. गल्लीत हवेत विरून गेलेली शिवी कागदावर आली की तिला वजन येतं. 'मच अडू अबाउट नथिंग'मधला डॉगबेरी हवालदार हेच उलटं करतो. कैदी त्याला गाढव म्हणतो, आणि नेमका लिहिणारा निघून गेलेला असतो. डॉगबेरीचा जीव तळमळतो. लिहून घ्यायला कुणी असतं तर! मंडळी, लक्षात ठेवा, मी गाढव आहे. लिहिलेलं नसलं तरी विसरू नका, मी गाढव आहे. १६०० च्या छापील प्रतीत या भूमिकेच्या संवादांपुढे पात्राऐवजी विल केम्प या नटाचंच नाव पडलंय. म्हणजे गाढव म्हणून लिहिलं जायची इच्छा त्या बिचाऱ्याची चारशे वर्षं पुरी होतेच आहे.

चोरांच्या भाषेचं सांगायला लागलो तर वेगळा लेख होईल. 'स्लँग' हा शब्द तेव्हा नव्हताच, तो अठराव्या शतकातला. तेव्हा म्हणत 'कँट' किंवा 'फेरीवाल्याची फ्रेंच'. रात्रीला डार्कमन्स, दिवसाला लाइटमन्स, लंडनला रोमव्हिल, पाकीट कापायला 'निप अ बंग'. थॉमस हार्मन नावाच्या केंटच्या जमीनदाराने १५६० च्या दशकात दारावर येणाऱ्या भटक्यांकडून हे शब्द गोळा करून छापले, आणि पुढे डेकरसारख्या नाटककारांनी ते उचलले. 'द रोअरिंग गर्ल' (१६११) मध्ये मॉल कटपर्स, म्हणजे लंडनमध्ये खरोखर हिंडणारी, पुरुषी कपडे घालणारी मेरी फ्रिथ, उमरावांना ही भाषा भाषांतर करून सांगते. एका शब्दाशी मात्र ती अडते. 'निगलिंग' म्हणजे काय हो, असं एक सरदार विचारतो. ती म्हणते, ते माझ्या त्या लुच्च्या नोकराला विचारा. नोकर म्हणतो, 'फडूडलिंग', साहेब. एका न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ दुसरा न कळणारा शब्द! आमच्या पुस्तकातल्या टीपेचा पूर्वज हाच.

चांगले शब्द कसे नासतात यावरही डॉलचं एक भाषण आहे, अगदी छोटं. पिस्टल नावाच्या भुरट्याला कुणीतरी कॅप्टन म्हणतं आणि ती भडकते. तू कॅप्टन? कशाबद्दल? एका गरीब बाईचं कॉलर फाडल्याबद्दल? असले लोक या शब्दाचं वाटोळं करतील. एक साधासुधा चांगला शब्द होता, त्याला वाईट संगत लागली आणि आता तो चारचौघांत उच्चारता येत नाही. कॅप्टनचं पण तसंच होणार. मुंबईत वाढलेल्या कुणालाही इथे 'दादा' आणि 'भाई' आठवतील. सख्ख्या भावाला हाक मारायचे शब्द होते ते.

आणि हे सगळं घाणेरडं भांडार बाजूला ठेवलं तरी त्या काळची एक शिवी राहते, एका अक्षराची. 'दाऊ'. तू. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी त्या भोळ्या अँड्र्यूला आव्हानाचं पत्र कसं लिहायचं ते शिकवतो: शाईने जेवढी मुभा दिल्येय तेवढं टोच त्याला, आणि दोन-तीनदा 'तू' म्हणालास तरी बिघडायचं नाही. हे नाटक २ फेब्रुवारी १६०२ ला मिडल टेंपलमध्ये वकिलीच्या पोरांसमोर झाल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १६०३ मध्ये, विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला आणि सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला की मी तुला तू म्हणतो, गद्दारा! सापही म्हटलं त्याने. पण गद्दार आणि साप यांच्या बरोबरीने 'तू म्हणतो' हे ठासून सांगावंसं वाटलं.

आजच्या इंग्रजाला हे टीपेतून शिकायला लागतं. त्याच्या कानाला 'दाऊ' प्रार्थनेतलं वाटतं, पवित्र. आपल्याला कुणी अरे-तुरे केलं की मानेवरचे केस उभे राहतात, आणि आपणच आईला, देवाला, विठ्ठलाला अरे-तुरे करतो. मला नेहमी वाटतं की या नाटकांपुढे मराठी वाचक लंडनच्या आजच्या वाचकापेक्षा दोन पावलं पुढे बसलेला आहे. निदान उभ्या प्रेक्षकांच्या रांगेत तरी.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी गावी गेलो नाही. तीन गणपती चुकवले. चौथ्या वर्षी गेलो तेव्हा आजी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून बघितलं, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा." पाणी आलं ते तांब्यातून नाही, पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासातून, खाली बशी. दोन दिवस मी तिच्या तोंडून बांगडा ऐकायची वाट बघत होतो. पळी आपटली असती तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून दुधाचं भांडं सांडलं आणि तिने मला मुडद्या म्हटलं, तेव्हा मी पुढे होऊन तिचे पाय धरले. ती म्हणाली, आधी फडकं आण.

हॅल आणि फॉल्स्टाफची गोष्ट अशी सावरत नाही.

पहिल्या भागात त्याच गुत्त्यात हॅल राजाची नक्कल करत फॉल्स्टाफला म्हणतो: रोगांची पेटी, पशुपणाचा कणगा, जलोदराची सुजलेली गाठोडी, दारूचा थोरला बुधला, आतड्यांनी गच्च भरलेली कपड्यांची वळकटी, पोटात सारण भरून भाजलेला मॅनिंगट्रीचा बैल. पुन्हा कसायाचं दुकान, पुन्हा जत्रा. ही यादी फॉल्स्टाफच्या यादीला दिलेलं उत्तर आहे, तोलामोलाचं. राजपुत्र त्याच्याकडूनच ही भाषा शिकलाय. फॉल्स्टाफ ती मजेत ऐकतो आणि मग स्वतःची बाजू मांडतो: बाकी कुणालाही हाकला, या गुबगुबीत जॅकला हाकललंत तर सगळं जग हाकलल्यासारखं. हॅल म्हणतो, हाकलतोय. हाकलीन. एवढंच. उपमा एकही नाही. दारावर थाप पडते, गडबड होते आणि ते वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी हॅल राजा झालाय. राज्याभिषेकाची मिरवणूक. फॉल्स्टाफ रात्रभर घोडा दामटून आलाय, कपडे बदलायलाही थांबला नाही, शॅलो नावाच्या म्हाताऱ्या मित्राकडून हजार पौंड उसने घेऊन बसलाय, आता राजा आपलाच म्हणून. गर्दीतून तो ओरडतो. देव तुझं भलं करो, माझ्या गोड पोरा! माझ्या राजा, माझ्या जुपिटरा, मी तुझ्याशी बोलतोय, माझ्या काळजा! राजाला, भर रस्त्यात, तू.

राजा थांबतो. तोही 'तू'च म्हणतो, पण ते सिंहासनावरून आलेलं असतं. मी तुला ओळखत नाही, म्हाताऱ्या. प्रार्थनेला लाग. पांढरे केस विदूषकाला किती वाईट दिसतात. पुढे भाषण आहे, त्यात एखादा टोमणा येतो आणि लगेच राजा स्वतःच बजावतो की मला विनोदाने उत्तर देऊ नको. मांसाचा डोंगर नाही, दारूचा बुधला नाही, भाजलेला बैल नाही. मिरवणूक पुढे जाते.

फॉल्स्टाफकडे दम होता, शब्द होते, सगळा ईस्टचीप तोंडात होता. तो शेजारी वळतो आणि म्हणतो, "मास्टर शॅलो, मी तुमचे हजार पौंड लागतो."